सातव्या अर्जाचं उत्तर

बाई, ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळली. टाळायला फारसं काही करावं लागलं नाही. विषय निघाला की कॉफी मागवायची, नाहीतर कोणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी करायची, एवढ्यावर भागत होतं. तुम्ही गेलात आणि चार दिवसांनी तुमच्या भाचीचा, मृणालचा, फोन आला. "सर, मावशीच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. दोन पानं द्याल? तुम्ही तिचे हेडमास्तर होतात." मी हो म्हटलं. मग दोन दिवस कागदावर "कर्णिकबाई" एवढं लिहून नुसता बसून राहिलो.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, शिवणाच्या वर्गातल्या प्रदर्शनाला मिळालेली ढाल, हे बाकीचे लिहितील. मला एकाच वर्षाबद्दल लिहायचं आहे. आपल्या परळच्या शाळेत सानिका नववीत होती, ते वर्ष.

सानिका हे तिने स्वतः घेतलेलं नाव. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. रजिस्टरात ती मुलगा होती, स्वतःला मुलगी म्हणत होती, आणि हे तिने शाळेत पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं. मला सांगायला तुम्ही तिला हाताला धरून ऑफिसात घेऊन आलात.

"सर, हिला तुमच्याशी बोलायचंय."

समोर पांढरा शर्ट, खाकी पँट घातलेला एक मुलगा उभा होता. मी त्याच्या मागे, दाराकडे बघितलं. "कोणाला?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत, रागावलातही नाही. फक्त तिला म्हणालात, "सांग गं. सर ऐकतायत."

तिच्या मागण्या दोनच होत्या. हजेरीत सानिका म्हणा, आणि मुलांच्या मुतारीत पाठवू नका. तिथे मधल्या सुट्टीत पोरं बाहेरून दार धरून ठेवायची आणि वरून पाणी टाकायची. हे तिने मान खाली घालून सांगितलं, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. मी पोरांना बोलावून झापलं. त्यातल्या दोघांना गुडघ्यावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला त्याचा हिशोब विचारला, हे मला तुमच्याकडून कळलं.

मुलींच्या बाजूला पाठवायचं तर पालक येणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. कुठून कोणास ठाऊक, नुसती कुणकुण लागली आणि एक आई आलीच. तिचं बोलणं मला अजून आठवतं, कारण त्यात काही वाईट नव्हतं. "सर, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण माझी मुलगी घरी येऊन विचारते, आई, हे काय आहे? मी काय सांगू? तुम्ही सांगा, मी तेच सांगते." मला काही सांगता आलं नाही. बाई, खरं सांगायचं तर आजही मला ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. पेपरात एका दिवशी एक वाचतो, दुसऱ्या दिवशी दुसरं. आता शाळांमध्ये काय नियम आहेत, आहेत की नाहीत, विचारायला गेलो तर जो तो वेगळं सांगतो. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तेव्हा स्वतःबद्दल जेवढं स्पष्ट कळलं होतं, तेवढं मला आज तिच्याबद्दल कळलेलं नाही.

तेव्हा मी मार्ग काढला. शिक्षकांच्या संडासाची किल्ली माझ्या खुर्चीमागे खिळ्याला असायची. "तिला म्हणावं, गरज लागली की ये, किल्ली घे, परत आणून लाव," मी तुम्हाला सांगितलं. त्या संध्याकाळी लालबागला चालत घरी जाताना मला स्वतःचं कौतुक वाटलं. कोणी दुखावलं नाही, कागद झाला नाही.

माझ्या ऑफिसात कोण ना कोण बसलेलं असायचं. पालक, पुस्तकवाले, संस्थेचे कोणी. त्या सगळ्यांसमोरून तिने यायचं, माझ्या डोक्यामागे हात घालायचा आणि किल्ली काढायची. ती दोनदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा एक गृहस्थ बसले होते. "कसली किल्ली?" त्यांनी सहज विचारलं. "संडासची," मी सांगितलं, तेही सहजच. तिसऱ्यांदा ती आली नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

मग एकदा शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्या टेबलावर एक निळी पाण्याची बाटली आणून ठेवलीत.

"उचला, सर."

"काय आहे?"

"उचला तर."

बाटली जड होती. काठोकाठ भरलेली.

"सकाळी आई भरून देते. घरी जाताना ती गेटाबाहेरच्या झाडाला ओतते, म्हणजे आईला कळत नाही. पोरगी दिवसभर पाणी पीत नाही, सर. तुमची किल्ली मागावी लागू नये म्हणून."

मी काय म्हणालो, ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "मग मी काय करू?"

तुमच्याकडे उत्तर तयार होतं. तळमजल्यावर अपंग मुलांसाठी बांधलेलं एक स्वच्छतागृह होतं. कधी वापरलंच गेलं नव्हतं, कारण त्यात मी मोडकी बाकं भरून ठेवली होती. "ती खोली रिकामी करा. ज्याला पाहिजे तो वापरेल, कोणाला विचारायला नको, कोणाच्या आईने यायला नको."

आणि मी तुम्हाला समजावून सांगितलं की बाकं मोडकी असली तरी शाळेची मालमत्ता आहे, आधी यादीतून त्यांचं निर्लेखन व्हायला हवं, आणि वरून मंजुरी आल्याशिवाय मोडका स्टूलसुद्धा शाळेबाहेर काढता येत नाही. शिवाय त्या खोलीचा वापर बदलतोय म्हणजे तेही वर विचारावं लागेल. बोलताना मला ते अगदी बरोबर वाटत होतं. नियम तसाच होता. बाकं दुसऱ्या खोलीत सरकवली असती तर कोणाचं काय गेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. की आलं होतं? आता सांगता येत नाही.

"परिपत्रक दाखवा, बाई," मी म्हणालो. "कुठल्या नियमात हे बसतं ते दाखवा."

तुम्ही दुसऱ्या दिवशी पेपरचं कात्रण घेऊन आलात. तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नुकताच आला होता. मी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "हे मोठ्या माणसांसाठी आहे. शाळेतल्या पोरांबद्दल यात कुठे लिहिलंय?"

"मोठी माणसं कुठून येतात, सर?" तुम्ही म्हणालात. मग डबा उघडलात आणि वालाचं बिरडं माझ्या पुढे सरकवलंत. आपली भांडणं अशीच असायची. तुम्ही तोंडाने बोचकारायचात आणि हाताने वाढायचात. मला कधी कळलं नाही की त्यातलं खरं कुठलं.

त्याच आठवड्यात तुम्ही वर्गाची हजेरी नंबरांनी घ्यायला लागलात. आपल्या शाळेत नावानेच हजेरी घ्यायची पद्धत होती, पहिल्या हेडमास्तरांपासून. मी बोलावून विचारलं, "शाळा आहे की तुरुंग?"

"तुम्ही खरं नाव लिहू देत नाही, मी खोटं नाव घेत नाही. मधला रस्ता आहे, सर. तुम्हाला आवडतो ना मधला रस्ता?"

स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसलो.

मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. या बाबतीत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. आणि तुम्ही मला अर्ज लिहायला लागलात. दर पंधरा-वीस दिवसांनी एक, दोन प्रतींत. एक प्रत माझ्याकडे, दुसरीवर शाळेचा शिक्का आणि माझी सही घेऊन तुम्ही घरी न्यायचात. "वरिष्ठ कार्यालयाकडून उत्तर आले असल्यास कृपया कळवावे." शिपाई शिक्का मारताना म्हणायचा, "बाईंचा हप्ता आला." समोरासमोर बसून रोज डबा खाणारी दोन माणसं एकमेकांना अर्ज लिहितात, यात मला काही विचित्र वाटलं नाही. शाळेत कामं तशीच होतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांची सभा होती. सभा संपल्यावर तिथल्या कारकुनाने मला थांबवलं. "तुमचं एक पत्र पडलंय, हातोहात घेऊन जा." त्याच्या वहीत मी सही केली आणि जिन्यात उभं राहून पाकीट उघडलं.

दोन ओळी होत्या. सदर विद्यार्थ्याची गैरसोय होणार नाही या दृष्टीने मुख्याध्यापकांनी आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा.

बाई, ही परवानगी होती. खोली उघडा, बाकं हलवा, तिला सानिका म्हणा, सगळं त्या दोन ओळींत बसत होतं. पण मला त्यात वेगळंच दिसलं. मला दिसलं की आता जे होईल ते माझ्या सहीने होईल. पालक आले तर माझ्याकडे येतील, पेपरवाले आले तर माझा फोटो छापतील, संस्थेने विचारलं तर वर बोट दाखवायला कोणी नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी पत्राची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत आवक रजिस्टरात न नोंदवलेला तो माझा एकमेव कागद.

शाळेत पोचलो तर तुम्ही गेटातच भेटलात. हातात खडू, पदराला दोरे चिकटलेले.

"आलं का उत्तर?"

"नाही हो अजून," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं. मी ठरवूनही बोललो नव्हतो. जिन्यापासून गेटापर्यंत मी दहा वेळा ठरवलं होतं की संध्याकाळी तुम्हाला दाखवायचं, दोघांनी मिळून नोटीस लिहायची. तोंडातून हे निघालं. मग ते परत कसं घ्यायचं, ते मला कळेना. एक दिवस गेला, मग आठवडा गेला, मग ते पत्र दाखवायचं म्हणजे खोटंही दाखवावं लागणार, असं झालं.

मला तिचा राग होता का? नव्हता. दया येत होती, पण दया येण्याचा तिला काही उपयोग नव्हता.

जानेवारीत कवायतीच्या तासाला ती मैदानात कोसळली. डॉक्टरांनी सांगितलं, लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय, पाणी कमी पिण्याने होतं असं. आठवड्याने तिची आई दाखला मागायला आली. भायखळ्याला कारखान्यात कामाला जाणारी बाई, ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "घरीच ठेवते, सर," ती म्हणाली. "चाळीत संडास बाहेर आहे, पण कोणाकडे किल्ली मागावी लागत नाही."

दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचा रकाना असतो. मी लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. अक्षर चांगलं आहे माझं. दाखला फार नीट दिसत होता.

चार दिवसांनी तुम्ही सातवा अर्ज आणलात. मी वाचून गोंधळलो. "बाई, मुलगी तर गेली. आता उत्तर येऊन काय करायचंय?"

"असू दे. आलं असेल तर कळवा."

"आलं की सांगेन की."

"सांगाल ना, सर?"

"सांगेन."

शिपायाने शिक्का मारला. तुम्ही तुमची प्रत नीट घडी करून पर्समध्ये ठेवलीत आणि तासाला गेलात.

सानिकाला तुम्ही ठाकूरद्वारच्या तुमच्या घरी बोलावून शिकवलंत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलंत, हे मला तुम्ही सांगितलं नाहीत. दुसऱ्यांकडून कळलं. मला वाटलं, चला, झालं ना तिचं चांगलं. माणूस स्वतःला कुठे कुठे सोडवून घेतो, बघा.

आपण दोघंही निवृत्त झालो. महिन्यातून एका रविवारी दादरला त्या उडप्याकडे आपण जुने शिक्षक जमायचो. तुम्ही कायम अननसाचा शिरा मागवायचात आणि अर्धा मला द्यायचात. आणि उठता उठता, पर्स खांद्याला लावताना, विचारायचात, "काय सर, आलं का आपलं उत्तर?"

सगळे हसायचे. सरकारी कामावरचा आपला ठरलेला विनोद झाला होता तो. "नाही हो अजून," मी म्हणायचो, आणि सगळे पुन्हा हसायचे. तुम्हीही हसायचात. नऊ वर्षं आपण हे केलं. पाऊस असो, कोणाचं ऑपरेशन असो, तुम्ही विचारायचं आणि मी खोटं बोलायचं.

शेवटी परळच्या त्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर. मृणाल खाली औषधं आणायला गेली होती. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं. मला वाटलं पाणी मागताय.

"सर. उत्तर?"

मी तुमच्याकडे बघितलं. खोलीत आपल्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. हसायला कोणी नव्हतं. आणि तरी मी म्हणालो, "नाही हो, बाई. आता काय येणार."

"बरं," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "जा आता. गर्दी होईल." ते आपलं शेवटचं बोलणं.

परवा मी ठाकूरद्वारला गेलो, मृणालला सांगायला की मला काही लिहायला जमत नाही. ती तुमचं कपाट आवरत होती. तिच्याबरोबर पंचविशीतली एक मुलगी साड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं आणि पटकन उठली.

"ओळखलंत का, सर?"

मी नाही म्हणणार होतो. पण तिने मान खाली घातली, आणि मी ओळखलं.

"सानिका."

बाई, ते नाव मी पहिल्यांदा तोंडाने घेतलं. काही झालं नाही. काहीच अवघड नव्हतं.

"बसा ना, दमला असाल. चार जिने आहेत," ती म्हणाली. शीवला एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घेते, असं मृणालने सांगितलं. "शाळेत असताना मी यांना एवढी टरकायचे ना," सानिका मृणालला म्हणाली, "आणि बाई सांगायच्या, सर तुझी दर वेळी चौकशी करतात. थँक्यू हं, सर. मला बरं वाटायचं ते ऐकून."

मी कधीच चौकशी केली नव्हती, बाई. एकदाही नाही. हे तुम्ही का केलंत? तिच्यासाठी केलंत की माझ्यासाठी? तिच्या मनात एक तरी हेडमास्तर चांगला राहावा म्हणून? मी तिला खरं सांगितलं नाही. तिने पाण्याचा ग्लास आणून दिला, मी तो सगळा प्यायलो.

निघताना मृणालने एक प्लास्टिकचं फोल्डर हातात दिलं. "हे शाळेचं दिसतंय. तुम्हीच ठेवा." त्यात तुमच्या सात अर्जांच्या सात प्रती होत्या, शिक्क्यासकट, माझ्या सहीसकट. तुमच्या जिन्यातच उभा राहून मी त्या चाळल्या. सातव्या अर्जाच्या तळाशी पेन्सिलने, तुमच्या अक्षरात, एक ओळ होती. वरच्या कार्यालयाचा जावक क्रमांक. पुढे तारीख, त्या सभेची. आणि पुढे लिहिलं होतं, मुख्याध्यापकांनी स्वतः नेले.

म्हणजे तुम्ही तिथे गेला होतात. त्या कारकुनाची वही बघितली होतीत, माझी सही बघितली होतीत. कधी? पेन्सिलवरून काही कळत नाही. सातवा अर्ज देण्याआधी? की नंतर कधीतरी, निवृत्त झाल्यावर? त्या रविवारी उडप्याकडे विचारताना तुम्हाला माहीत होतं? सगळ्या रविवारी? मग तुम्ही हसत का होतात? सगळ्यांदेखत एकदा म्हणाला असतात, "सर, पत्र तुमच्या खिशात आहे," तर माझी तिथेच राख झाली असती, आणि माझी हरकत नव्हती असं आज वाटतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. दर महिन्याला मला विचारत राहिलात. मी कधीतरी हो म्हणेन म्हणून? की मी किती वेळा नाही म्हणतो ते बघायला? आणि हॉस्पिटलात, तुम्हाला श्वास पुरत नसताना, तुम्ही एक शब्द खर्च केलात तो त्याच्यासाठी. तो टोमणा होता की संधी होती? मी घरी बसून सगळं उलटसुलट करून बघतो. शिरा अर्धा करून देणारी बाई आणि पेन्सिलने ती ओळ लिहिणारी बाई, दोन्ही तुम्हीच, हे मला काही केल्या जुळवता येत नाही.

पत्र माझ्या घरी आहे. रेशनकार्डाच्या पाकिटात, अकरा वर्षं. आज ते काढून तुमच्या सातव्या अर्जाला टाचणी लावून जोडलं. मृणालला म्हणालो, छापायच्या आधी हे सानिकाला वाचायला दे. ती नको म्हणाली तर तिचं नाव काढ. माझं ठेव.

बाई, उत्तर आलं होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर, मुख्याध्यापकांच्या सभेच्या दिवशी, माझ्या हातात आलं होतं. ती खोली उघडायला माझी एक सही पुरेशी होती. ती मी केली नाही, तुम्हाला खोटं सांगितलं, आणि तुम्ही जितक्या वेळा विचारलंत तितक्या वेळा पुन्हा सांगितलं. मला माफ करा.